पाणी यायचंय

आमच्या आईच्या दारातून कुणी उपाशी परत गेलेलं तिला खपत नसे, हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे झालं ते वाचून तिला नावं ठेवायला कुणी बसणार नाही. नावं ठेवायचीच तर मला ठेवा, त्यालाही जागा आहे, पण ती ओघाने येईल. कलकत्त्यातल्या आमच्या मूठभर मराठी लोकांत आईच्या पाहुणचाराचा डंका होता. बदली होऊन आलेलं नवं बिऱ्हाड हावड्याला उतरलं की पहिलं जेवण आमच्याकडे, हे ठरलेलंच. आग्रह तर असा की वाढून घेणारा हात ताटावर आडवा धरायचा आणि आई बोटांच्या फटीतून श्रीखंड सोडायची. एक गृहस्थ आमच्याकडून जेवून गेले ते दोन दिवस कचेरीत गेले नाहीत. आईने ही गोष्ट पुढे कित्येक वर्षं अभिमानाने सांगितली.

आता एवढा पाहुणचार करायचा म्हणजे त्याला काही शिस्त हवी की नको? ती होती. फुलाफुलांचे सहा कप अप्पांच्या साहेबासाठी आणि मराठी मंडळींसाठी. निळ्या काठाचे शेजारच्या बंगाली लोकांसाठी. पांढरे आमचे, घरातले. आणि खिडकीत उपडे ठेवलेले, कान तुटलेले, ते कामकऱ्यांसाठी. आमच्या घरात कान तुटला म्हणून कप कधी सेवानिवृत्त झाला नाही, त्याची फक्त खात्यांतर्गत बदली झाली. माझे वडील, म्हणजे अप्पा, केंद्र सरकारच्या नोकरीत होते, त्यामुळे हा शब्द आमच्या घरात भाकरीसारखा वापरात होता.

डमडमला आम्ही राहत होतो ते घर तसं वाईट नव्हतं. पण आसपास वस्ती वाढत चालली होती, विहिरीवर भांडणं होत होती, आणि अप्पांना कचेरीत जायला दोन तास लागत होते. शेवटी बालीगंजला तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्या मिळाल्या. घरात नळ, पुढे लोखंडी कठड्याची गॅलरी, खाली गल्ली, गल्लीच्या तोंडाशी ट्रामची घंटा. मी तेव्हा बारा वर्षांची. नळाच्या कल्पनेनेच मला आपण फार मोठी माणसं झालो असं वाटायला लागलं होतं.

जायचं ठरल्यापासून घरात दोन कामं सुरू झाली. अप्पांनी यादी करायला घेतली. प्रत्येक वस्तूवर खडूने आकडा, आणि तोच आकडा वहीत. पाट एक ते सहा, जातं सात, वरवंटा आठ. पाट्याला वेगळा आकडा द्यावा की वरवंट्याबरोबर धरावा यावर एक संध्याकाळ गेली. आईने मात्र एकाच वस्तूची काळजी धरली होती. तिचं आरशाचं कपाट. वाईला तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, समोर सुतार बसवून सागवानाचं करून घेतलं होतं, आणि दारावर माणूसभर उंचीचा आरसा. आदल्याच वर्षी आजोबा गेले. माहेरचं म्हणून तिच्याकडे एवढंच उरलं होतं. कपाटावर अप्पा आकडा घालायला गेले तेव्हा आई नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. कपाट बिनआकड्याचंच राहिलं. यादीतली ती एकुलती एक मोकळी जागा.

मग प्रश्न आला हमालांचा. बंगाली लोक त्यांना मुटे म्हणत, आम्ही हमालच म्हणायचो. त्यांना खायला काय द्यायचं, कधी द्यायचं आणि कशात द्यायचं, यावर आठ दिवस खल चालला. आईचं म्हणणं, आपलं घर ज्यानं पाठीवरून वाहून नेलं तो आपल्या घरी जेवलाच पाहिजे. तिच्या माहेरी ओट्यावर टेकलेल्या वाटसरूलाही आधी गूळपाणी मिळे, नाव-गाव नंतर विचारत. अप्पांचं म्हणणं, जेवलेला हमाल झोपतो. शेवटी तह झाला. जेवण द्यायचं, पण नव्या घरी आणि सगळं सामान वर चढल्यावर. पिठलं, भात, लसणीची चटणी. वाढायचं साल झाडाच्या पानांच्या पत्रावळींवर, म्हणजे भांड्यांचा प्रश्नच नाही. आई या तहावर इतकी खूश झाली की तिने शेजारच्या चार घरी जाऊन सांगितलं, आम्ही हमालांना जेवायला घालणार आहोत. हमालांना तेवढं कुणी सांगितलं नाही.

दुसरा एक ठराव त्याआधीच पास झालेला होता. नव्या घरात देव बसून, शेगडीवर दूध उतू जाईपर्यंत कुणीही पाण्याचा थेंब तोंडात घालायचा नाही. ही आईच्या सासरची रीत. दूध उतू गेलं की घर आपलं झालं, त्याआधी खाल्लंप्यालं तर परक्याच्या घरात चोरून खाल्ल्यासारखं. दोन्ही ठराव वेगवेगळे बघितले तर किती सुंदर आहेत बघा. एकात भूतदया, एकात धर्म. हे दोन्ही जिन्यात समोरासमोर येतील हे सरकारी नोकरीत मुरलेल्या माझ्या वडिलांच्याही लक्षात आलं नाही.

निघायच्या दिवशी अजून फटफटत होतं तेव्हा दोन ठेले, म्हणजे तिकडच्या हातगाड्या, दाराशी येऊन उभे राहिले. बरोबर पाच माणसं. त्यांचा सरदार रामधनी, बिहारकडचा. उंच, काटक, मिशी पिकलेली, खांद्यावर लाल गमछा. तो फारसं बोलत नसे. वस्तूकडे एकदा बघायचा, मग बोटाने दाखवायचा, कुणी कुठे धरायचं ते. अप्पा मागून वही घेऊन ‘सावकाश, सावकाश, वो बाजूसे’ असं स्वतःच्या हिंदीत सांगत होते आणि तो दर वेळी ‘जी बाबू’ म्हणून आपल्याला हवं तेच करत होता. कपाट त्याने आमच्या गाद्यांत गुंडाळून दुसऱ्या ठेल्यावर एकटंच ठेवलं. आईने काही सांगायच्या आधी. तेव्हा आई माझ्या कानात म्हणाली होती, माणूस जाणता दिसतोय.

मग आईने दही-साखरेची वाटी काढली. शुभ कामाला निघताना हातावर दही द्यायचं ना. अप्पांच्या हातावर दिलं, माझ्या हातावर दिलं, आणि पळीत दही उरलेलं असताना पाच हमालांकडे बघून ती क्षणभर थांबली. मग वाटीवर झाकण ठेवलं. मी विचारलं तर म्हणाली, अगं जातोय आपण, ते नुसतं सामान नेतायत. हे मला त्या वेळी अगदी पटलं. अजूनही या वाक्यात चूक कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येत नाही. अशी वाक्यं आमच्या घरात पुष्कळ होती.

आई आणि मी टॅक्सीने पुढे आलो. बरोबर केरसुणी, तांब्याची घागर, लोटीभर दूध, गुळाचा डबा आणि मांडीवर लोणच्याची बरणी. लोणच्याला हमालाचा हात लागला तर ते नासतं, असं शास्त्र होतं. देवांनाही हमालाचा हात नको, म्हणून टोपलीतले देव अप्पांच्या मांडीवर, आणि अप्पा डमडमहून लोकलने, सियालदाला गाडी बदलून. पुढे अप्पा सांगत की त्या गर्दीत देवांमुळे त्यांना बसायला जागा मिळाली. देवांचा एवढा तात्काळ उपयोग मी नंतर कधी पाहिला नाही.

नव्या घरात शिरल्या शिरल्या आईने नळ सोडला. सकाळचं पाणी अजून जायचं होतं. घागर काठोकाठ भरली, दाराशीच ठेवली, बाहेरून तिला घाम फुटल्यासारखे थेंब आले आणि खालची फरशी ओली झाली. पहाटेपासून माझ्या घशाखाली त्या दह्याशिवाय काही गेलं नव्हतं. चैत्र संपत आला होता. कलकत्त्याचा चैत्र ज्यांनी भोगला नाही त्यांना काय सांगू, सकाळी दहाला अंगावरचं कापड स्वतःचं वाटत नाही. मी घागरीकडे बघायची, आई माझ्याकडे बघायची. ‘दूध उतू जाऊ दे,’ ती म्हणायची आणि फरशी पुसायची. तिनेही थेंब घेतला नव्हता, हे तिच्या बाजूने लिहून ठेवते.

दहाच्या सुमाराला ठेले आले. अप्पाही स्टेशनवरून पोचले आणि देव मांडीवर घेऊन, यादी ताडून बघायला खालीच बसले. डमडमपासून बालीगंजपर्यंत, सगळं शहर उभं कापून. रामधनी आधी एकटाच वर आला. जिना बघायला आला असणार. जिन्याचे कोपरे हाताने मोजत, भिंतीला टेकत टेकत. मी दारात उभी होते. आईने मला दारावर नेमलं होतं, कोण येतं कोण जातं बघायला, आणि बाराव्या वर्षी मिळालेला अधिकार मी फार गांभीर्याने घेतला होता. त्याने गमछ्याने तोंड पुसलं. ओठ पांढरे पडले होते.

“बबुनी, तनी पानी मिली?” त्याने विचारलं, पोरी, थोडं पाणी मिळेल का.

मी आत बघितलं. आई फडकं हातात धरून उठली होती. देव खाली अप्पांच्या मांडीवर, शेगडी पहिल्या ठेल्यावर भांड्यांच्या खाली, दूध लोटीत थंड. तिच्या तोंडावर सगळा हिशेब मला दिसला. मग ती हळूच मराठीत म्हणाली, “सांग, पाणी यायचंय अजून.”

आणि मी सांगितलं. “पानी अभी आया नहीं.” अडखळले नाही, खाली बघितलं नाही. उलट दोन्ही हात दाराला लावून घागर झाकायचा प्रयत्न केला. घागर माझ्या मागे, पण फरशीवरचं पाणी वाहत माझ्या पायांच्या पुढे आलं होतं. रामधनीने त्या पाण्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. “अच्छा बबुनी,” म्हणाला आणि खाली गेला.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाला आम्ही विसरतो, आमच्या घरात तशी रीतच होती.

जड सामान आधी चढवायचं, अंगात दम असतो तोवर, हा रामधनीचा नियम. त्यामुळे शेगडी राहिली, भांडी राहिली, पहिलं निघालं आईचं कपाट. पाच जणांनी उचललं. पहिला मजला, दुसरा मजला, त्यांच्या ‘हैया हो’चा आवाज जिन्यातून असा वर येत होता की आई गॅलरीतून आत, आतून गॅलरीत करत होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर कपाट अडकलं. वर येईना, खाली जाईना. दोनदा जोर लावला, तिसऱ्यांदा एकाचा पाय थरथरायला लागला. मग रामधनीने शांतपणे हात वर केला, कपाट पायरीला टेकवलं, खाली लाकडाचा तुकडा सारला आणि जाहीर केलं की आता पाणी पिऊन येतो.

आणि खरंच गेले हो. पाचही जण.

आता चित्र डोळ्यांपुढे आणा. जिन्याच्या वळणात कपाट, भिंतीपासून कठड्यापर्यंत. वरच्या बाजूला आई, मी, भरलेली घागर आणि दूध. खालच्या बाजूला अप्पा, देव आणि शेगडी. शेगडी वर आल्याशिवाय दूध उतू जाणार नाही, दूध उतू गेल्याशिवाय पाणी द्यायचं नाही, पाणी मिळाल्याशिवाय कपाट उठणार नाही, आणि कपाट उठल्याशिवाय शेगडी वर येणार नाही. पुढे आयुष्यात मी सरकारी कचेऱ्यांचे पुष्कळ फेरे पाहिले, पण इतका गोल, इतका निर्दोष फेरा कुठल्या कचेरीला जमलेला पाहिला नाही. आणि आम्ही तो घरच्या घरी केला होता.

गाद्या सुटून आरशाची बाजू आमच्याकडे आली होती. कपाट जरा कललेलं होतं, त्यामुळे आई जिन्याच्या वरच्या पायरीवरून खाली ओरडायची ती थेट स्वतःच्याच तोंडावर. कपाळावर कुंकू पसरलेलं, पदर खोचलेला. तिच्या ते लक्षात आलं तेव्हा ती थोडी बाजूला सरकून ओरडायला लागली.

“अहो, कुठे गेले ते?”

“पाणी प्यायला,” कपाटापलीकडून अप्पांचा आवाज आला. ते देवांची टोपली घेऊन दुसऱ्या मजल्यापर्यंत चढले होते.

“कुठे पण?”

“इथेच. दुसऱ्या मजल्यावर. बाई देतायत.”

बाई म्हणजे आमच्या बरोब्बर खाली राहणाऱ्या माशीमा. पुढे त्या आम्हाला सख्ख्या मावशीसारख्या झाल्या, पण त्या घटकेला आम्ही त्यांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. गलका ऐकून त्या दार उघडून बाहेर आल्या होत्या, हमालांना जिना उतरताना पाहिलं होतं आणि त्यांना तिथेच पायऱ्यांवर बसवलं होतं. कपाटाच्या पायांमधल्या फटीतून मला दिसत होतं. पितळी गडू, काचेचे पेले, त्यांच्या घरातले रोजचेच असावेत, आणि बशीत बत्तासे. एकाने नुसतं पाणी मागितलं तर त्या रागावल्या. “शुधू जोल दिते नेई,” म्हणाल्या. नुसतं पाणी देऊ नये, बरोबर गोड हवंच. हे आईला कळण्याइतकं बंगाली येत होतं. गूळपाण्याच्या घरची मुलगी ती. तिने तोंड फिरवलं.

“तुम्ही घेतलंत का काही?” तिने अप्पांना विचारलं.

यावर खालून काही उत्तर आलं नाही. अप्पांच्या तोंडात तेव्हा बत्तासा होता असं माझं आजही मत आहे. थोड्या वेळाने ते खाकरले आणि त्यांनी खुलासा केला की नियम तिसऱ्या मजल्यावरच्या घराला लागू आहे, दुसऱ्या मजल्याचा त्यात उल्लेख नाही. आई काही बोलली नाही. तिची आणि अप्पांची खरी भांडणं अशीच होत, एकाच्या बोलण्याने आणि दुसऱ्याच्या न बोलण्याने.

मग माशीमांना कळलं की वर आणखी दोन बायका अडकल्यात. त्या टाचा उंचावून वर आल्या आणि कपाटाच्या डोक्यावर एक पेला आणि बशी ठेवली, आमच्या बाजूला सरकवली. पाणी पेल्यात हलत होतं. आई म्हणाली, “नको म्हण.” मी नको म्हटलं. बंगालीत, नीट, आभार मानून. माशीमांना वाटलं आमचा उपास असावा. त्या गेल्या. पेला तिथेच राहिला. आई बराच वेळ त्याच्याकडे बघत होती, आणि शेवटी जे म्हणाली ते हे, “पॉलिशवर डाग पडेल गं.”

रामधनी आणि त्याची माणसं परत आली तेव्हा त्यांच्या हालचाली वेगळ्या होत्या. मला वाटतं पाण्याने माणूस उंच होतो. त्याने कपाटाभोवती एकदा हात फिरवला, दाराच्या बिजागऱ्या चाचपल्या. मग वरचा पेला काढून कपाटावरून माझ्याकडे दिला. “पकड़ बबुनी.” मी धरला. त्याने बिजागऱ्यांचे खिळे अलगद काढले, आरशाचं दार सुटं करून गादीत गुंडाळून भिंतीशी उभं केलं, आणि मोकळं कपाट आडवं करून वळणातून असं काढलं की भिंतीचा चुनासुद्धा लागला नाही. मनात आणलं असतं तर एक कोपरा आपटायला त्याला काय लागलं असतं? जिनाच अरुंद, कुणी काही म्हणू शकलं नसतं. आई दोन्ही हात तोंडावर घेऊन उभी होती. आणि मी पेला घेऊन. भरलेला पेला हातात घेऊन, ज्याला पाणी नाही म्हटलं त्याच्यासमोर. कपाट आमच्या दारातून आत गेलं, सगळ्यांची पाठ वळली, आणि मी ते पाणी पिऊन टाकलं. एका घोटात. देव अजून जिन्यात होते.

पुढे त्या घरात जे जे बिनसलं, अप्पांची बढती अडकली, माझी शाळा आठवीतच सुटली, गॅलरीतली तुळस दोनदा जळली, त्या सगळ्याचं मूळ तो पेला आहे असं मी कित्येक वर्षं मनात धरून होते. कुणाला सांगितलं मात्र नाही. आईला सांगितलं असतं तर तिलाही तसंच वाटलं असतं, आणि तिने ते सगळ्या मराठी मंडळींत सांगितलं असतं.

मग सगळं रीतसर झालं. शेगडी आली, देव आले, दूध उतू गेलं, निखाऱ्यावर चर्रर्र वाजलं, करपल्याचा वास घरभर पसरला, आणि घर आमचं झालं. आईने तांब्यातून अप्पांना पाणी दिलं. त्यांनी तहानलेल्या माणसाचा चेहरा करून ते प्यायलं. आणि आई पिठल्याला लागली. त्या उकाड्यात, धुराने डोळे चुरचुरत असताना, खाली सामान चढत असताना, तिने पाच बाप्यांना पुरेल असा भात आणि पातेलंभर पिठलं केलं. लसूण खमंग तळून वरून घातली. चटणी वाटायला पाटा सापडला, वरवंटा सापडेना. तो वेगळ्या आकड्याखाली होता.

शेवटचं गाठोडं वर आलं तेव्हा अडीच वाजले असतील. गॅलरीत पाच पत्रावळी मांडल्या होत्या, पाणी शिंपडून. चटणी डावीकडे, मीठ वर, अगदी साहेबाला वाढतात तसं. आईने स्वतः जाऊन रामधनीला बोलावलं. तो दारापर्यंत आला, पत्रावळींकडे पाहिलं आणि हात जोडले. म्हणाला, ते मघाशीच खाली फुटपाथवर सातूचं पीठ कालवून जेवले. आईने आग्रह केला. तो पुन्हा हात जोडून हसला. आई म्हणाली, दोन घास तरी, माझ्या घरून उपाशी कसे जाल? मी हिंदीत सांगत होते. शेवटी तो जरा संकोचून म्हणाला, “भात हम बिरादरी के बाहर ना खाईं, माईजी.”

हे मला मराठीत सांगावं लागलं नाही. आई उभी राहिली ती तशीच राहिली. आठ दिवस आमच्याकडे चर्चा चालली होती हमालांना कशात वाढायचं याची, कुठला कप, कुठली पत्रावळ, कुठे बसवायचं. त्यांच्याकडेही असे काही ठराव असतील, त्यांच्या यादीत आपण कुठल्या खिडकीत उपडे पडलेले असू, हे त्या आठ दिवसांत आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं. अप्पांनी वही मिटली. खाली ट्राम गेली. पिठल्यावर साय धरायला लागली होती.

रामधनीलाच आमची दया आली असावी. तो म्हणाला, पाणी मात्र घेऊ. आणि आईकडे न बघता, माझ्याकडे बघून त्याने विचारलं, “अब पानी आइल, बबुनी?”

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी आईच्या मागे लपले असते आणि सुटले असते. तो खरंच विचारल्यासारखा विचारत होता, मला हवं ते उत्तर द्यायला जागा ठेवून. नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. सगळ्यांची अब्रू राहिली असती, त्याची सुद्धा. पण माझ्या तोंडून निघालं, “सुबह से था.”

आईने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता पाठीत बसणार. रामधनी नुसता मान हलवून दाराबाहेर पायरीवर उकिडवा बसला आणि त्याने ओंजळ तोंडाशी धरली. मी घागर उचलली. ती मला पेलेना. तेव्हा मागून दुसरे दोन हात आले, बांगड्या वाजल्या, आणि आईने घागरीचं बूड धरलं. मी गळ्याशी धरून वाकवत होते, ती मागून तोलत होती. तो पीत होता, पाणी त्याच्या कोपरांवरून ओघळून पायरीवर पडत होतं, आणि पुरे म्हणून त्याने मान हलवेपर्यंत आम्ही दोघींनी धार तुटू दिली नाही. मग आईने घागर खाली ठेवली, आत गेली आणि गुळाचा डबा घेऊन आली. पाचही जणांच्या हातावर तिने गूळ ठेवला. वरून टाकला नाही, ठेवला. बोटं लागली. सकाळच्या दह्याची वाटी तेव्हा मला आठवली. तिलाही आठवली असेल का, ते विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

ते पिठलं आम्ही दोन दिवस खाल्लं. माशीमांकडे पाठवलं तर त्यांनी चव घेऊन विचारलं, हे आजारी माणसाचं असतं का?

पुढल्याच आठवड्यात मराठी मंडळी नवं घर बघायला आली. फुलांचे कप निघाले. आईने सगळ्यांना कपाट दाखवलं, एक ओरखडा नाही म्हणून, आणि हमालांची गोष्ट सांगितली. आम्ही त्यांच्यासाठी एवढं रांधलं, पत्रावळी मांडल्या, पण माणसं इतकी तृप्त की म्हणाली, माईजी, तुमच्या हातचं पाणी मिळालं यातच सगळं आलं. बायकांचे डोळे पाणावले. ही गोष्ट आईने पुढे निदान शंभर वेळा सांगितली असेल. दर वेळी ती थोडी सुधारत गेली. शेवटी शेवटी तर रामधनी जाताना रडला होता. मी दर वेळी तिथेच असायची, ट्रे धरून. आई ‘पाणी’ या शब्दापाशी आली की एक निमिष माझ्याकडे बघायची, आणि मी बशा नीट लावायला लागायची.

कपाट आता माझ्याकडे आहे. आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली. माशीमा गेल्या, रामधनी कुठे असेल, असेल की नाही, देव जाणे. आता माझ्यावाचून ही गोष्ट दुसऱ्या तऱ्हेने सांगणारं कुणी उरलेलं नाही, तेव्हा लिहून ठेवते. पाणी आलं होतं. आम्ही घरात पाऊल ठेवलं तेव्हाच आलं होतं, आणि घागर माझ्या मागे भरलेली होती.